वर्ग सहा तासांचा, परदेश चोवीस तासांचा

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आजूबाजूला, सुनील नगर-नीलम नगरकडच्या शाळांत शिकवणाऱ्या तरुण शिक्षकांच्या मोबाइलवर कधी ना कधी अशी जाहिरात येतेच : दुबईच्या शाळेत शिक्षक पाहिजेत, मालदीवमध्ये गणिताचे शिक्षक पाहिजेत. पगाराचा आकडा डोळ्यांत भरणारा, राहण्याची सोय फुकट, मुलाखत ऑनलाइन. विनाअनुदानित तुकडीवर तुटपुंज्या मानधनात दिवस काढणाऱ्याला असा आकडा झोपू देत नाही. जायला हरकत काहीच नाही. फक्त ‘हो’ कळवण्याआधी हा लेख वाचून घ्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. परदेशातला वर्ग तुम्हाला जमेल. या भागातल्या मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवलेल्या शिक्षकाला परभाषिक वर्गाची भीती घालण्यात अर्थ नाही. घरी तेलुगू बोलणारी यंत्रमाग कामगारांची मुलं, कन्नड बोलणारी अक्कलकोटकडची मुलं, दखनी बोलणारी मुलं, या सगळ्यांना एकाच फळ्यासमोर बसवून तुम्ही मराठीतून वजाबाकी शिकवलेली आहे. गडबड होते ती वर्गाबाहेर. शाळा सहा तासांची असते. उरलेल्या अठरा तासांत जेवायचं काय, पैसे घरी पाठवायचे कसे, सुटीच्या दिवशी कुणाशी बोलायचं, आजारी पडलं तर कुणाला हाक मारायची, याचा विचार न करता निघालेला माणूस सत्र संपायच्या आत परतीचं तिकीट शोधू लागतो. म्हणून या लेखात वर्गापेक्षा त्या अठरा तासांना जास्त जागा दिली आहे.

आधी कागद

कागदपत्रांना वाटतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ लागतो. पदवी, बी.एड., अनुभवाचा दाखला हे सगळं परदेशी शाळेला नुसतं झेरॉक्स करून चालत नाही. आधी राज्य शासनाच्या पातळीवर पडताळणी, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा क्रम असतो. देश अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात असेल तर काम तिथेच संपतं. भारत या करारात २००५ पासून आहे. संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र त्यापुढे त्यांच्या वकिलातीचं साक्षांकनही लागतं. तुम्ही जाणार तो देश कोणत्या गटात बसतो, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

सोलापूरकरांची म्हणून एक खास अडचण आहे. आपलं विद्यापीठ २००४ साली सुरू झालं. त्याआधीच्या पदव्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या. तेव्हा पडताळणीचा प्रश्न आला की कुणाला केगावच्या विद्यापीठात जावं लागतं, कुणाला कोल्हापूर गाठावं लागतं. शिवाय २०१९ मध्ये विद्यापीठाचं नाव ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ झालं. पदवीवर जुनं नाव आणि पडताळणीच्या पत्रावर नवं नाव पाहिलं की परदेशातला कारकून ही दोन वेगळी विद्यापीठं समजतो. नामबदलाच्या शासकीय अधिसूचनेची प्रत इंग्रजी भाषांतरासह फाइलमध्ये ठेवा.

दुसरी अडचण नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर रांग वेगळी. विवाहित शिक्षिकांच्या दहावीच्या कागदावर माहेरचं नाव आणि अनुभवाच्या दाखल्यावर सासरचं. शहराच्या पूर्व भागातल्या अनेक तेलुगू घरांत तर एकाच आडनावाची इंग्रजी स्पेलिंग भावाभावांत वेगळी असते. राजपत्रातली नोंद, विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र यांपैकी तुमच्या बाबतीत जे लागेल ते व्हिसाच्या अर्जाआधीच उरकून घ्या.

जिल्हा परिषद, महापालिका किंवा अनुदानित संस्थेत असाल तर रजेची मंजुरी आणि ना-हरकत प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय तिकीट काढू नका. ‘साहेब तोंडी हो म्हणालेत’ या भरवशावर विमानात बसू नये. रजा कोणत्या प्रकारची, त्या काळात वेतनवाढ आणि सेवाज्येष्ठतेचं काय, परतल्यावर हजर कुठे व्हायचं, हे त्या आदेशात लिहिलेलं असू द्या.

एजंट आणि करार

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. नियमानुसार तो तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, तोही पावती देऊन. दीड-दोन लाख रोख मागणारा, मूळ प्रमाणपत्रं ‘ऑफिसला ठेवून जा’ म्हणणारा, किंवा ‘आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिथे बदलून देतो’ सांगणारा माणूस ओळखीतला असला, नात्यातला असला, तरी त्याच्या वाटेला जाऊ नका. व्हिजिट व्हिसावर नोकरी करणं हा तिथला गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो शिक्षक.

करारात सगळ्यात आधी बेसिक पगाराचा आकडा शोधा. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात : एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचं बेसिक, त्यापुढच्या वर्षांना ३० दिवसांचं. एकूण पगार मोठा आणि बेसिक चिमूटभर असेल तर शेवटी हाती येणारी रक्कमही चिमूटभरच राहते. घर शाळा देणार की भाडं देणार, खोली एकट्याची की वाटून घ्यायची, स्वयंपाकघर आहे का, वीज-पाण्याचं बिल कुणाचं, वर्षाचं तिकीट कुणाचं, उन्हाळी सुटीचा पगार मिळतो का, नोटीस किती दिवसांची, आरोग्य विम्यात काय काय येतं, हे सगळं कागदावर हवं. कुटुंब न्यायचं असेल तर त्या देशाची किमान पगाराची अट आधी पाहा. अमिरातीच्या कायद्यानुसार कामावर घेण्याचा खर्च मालकाने कामगाराकडून वसूल करायचा नसतो आणि त्याचा पासपोर्टही अडकवून ठेवायचा नसतो. हे माहीत असलं की पहिल्याच दिवशी कुणी पासपोर्ट मागितला तर नम्रपणे ‘नोंद करून परत द्या’ म्हणता येतं.

बॅगेत काय, काय नको

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांना प्रवासात तोड नाही. दोन्ही टिकतात, आणि स्वयंपाकाची घडी बसेपर्यंत पोटाला आधार देतात. येसर, काळा मसाला जरूर न्या, पण करताना खसखस अजिबात घालू नका. अमिराती, सौदी अरेबिया, सिंगापूर अशा देशांत खसखस हा बंदी असलेला अमली पदार्थ समजला जातो. चमचाभर खसखशीपायी विमानतळावर अडकण्याची वेळ येऊ शकते. अमिरातीत विड्याची पानंही चालत नाहीत. औषधांचंही तसंच : कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी इथे चिठ्ठीवर मिळते, तिथे पूर्वपरवानगी लागते. रोजची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, मूळ पाकिटातच ठेवा.

आपल्याकडून निघणारा माणूस स्वामी समर्थांची लहान मूर्ती बरोबर घेतोच. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती आणायला कस्टम्सची मनाई आहे. डुकराचं मांस आणि दारूही आणता येत नाही. तिथे जाणाऱ्याने मोबाइलमधल्या फोटोसमोर हात जोडावेत, स्वामी समजून घेतील. अमिरातीत दुबईजवळ जेबेल अली इथे हिंदू मंदिर आहे, आणि अबू धाबीतलं मोठं मंदिर फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडलं.

भेट म्हणून आपल्या एमआयडीसीतले टेरी टॉवेल आणि नॅपकिन न्या. हलके असतात, फुटत नाहीत, आणि कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही खाण्याच्या सवयीच्या घरात चालतात.

पहिले पंधरा दिवस

तिथे उतरल्यावर भारतीय वकिलातीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवा. तक्रारीची वेळ आली तर परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे हे लक्षात असू द्या. राहत्या जागेचा पत्ता, मुख्याध्यापकांचा आणि एका सहकाऱ्याचा नंबर घरच्यांना कागदावर लिहून द्या. फोन बिघडला की त्यातला नंबर कुणाच्या कामाचा नसतो.

आठवड्याचं गणित बदलतं. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुटी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असतो. मालदीव, ओमान, कतार, कुवेत, सौदी इथे शुक्रवार-शनिवार सुटी आणि रविवारी सकाळी शाळा भरते. सोलापुरात रविवारी सगळं घर एकत्र जेवत असतं तेव्हा तुम्ही पाचवा तास घेत असता. पहिल्या महिन्यात हे फार टोचतं. त्यामुळे घरी फोन करायचा वार आणि वेळ ठरवूनच निघा. मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, दुबईचं दीड तास. अमिरातीत व्हॉट्सअॅपवर मेसेज जातो, पण त्यावरून कॉल करण्यावर निर्बंध आहेत. तिथे चालणारं परवानगीचं अॅप आई-वडिलांच्या फोनवर इथेच टाकून, वापरायचं कसं ते शिकवून जा.

मालदीवच्या छोट्या बेटावर नेमणूक असेल तर आणखी तयारी हवी. भाजी बाहेरून येते आणि बोट चुकली की मिळत नाही. मासा, त्यातही टूना, आणि नारळ भरपूर. शाकाहारी माणसाने डाळी, कडधान्यं आणि छोटा कुकर न्यावा. तिथली रोशी आपल्या पोळीची बहीण शोभेल अशी असते, त्यामुळे उपाशी कुणी राहत नाही. प्यायचं पाणी कुठून येतं, हे घरमालकाला पहिल्याच संध्याकाळी विचारा.

वर्गात शिरताना

द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१०. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनमध्ये १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात ते होते. आपण त्यांना डॉक्टर म्हणून ओळखतो, पण ते तिथे शिक्षकही होते. डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते संचालक झाले आणि तिथल्या वैद्यकीय शाळेत शिकवू लागले. त्यासाठी त्यांनी चिनी शिकून घेतलं, त्या भाषेत व्याख्यानं दिली, शस्त्रक्रियेवरच्या पुस्तकाचं लिखाण केलं. १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात निघण्याआधी एकदा जाऊन या. त्यांचा त्याग तुमच्या-माझ्याकडून होणार नाही, पण त्यांची शिकवण्याची पद्धत उचलता येते : विद्यार्थ्यांनी आपल्या भाषेकडे यावं म्हणून थांबू नका, आपण त्यांच्याकडे चार पावलं जा.

व्यवहारात याचा अर्थ असा. जाण्याआधी त्या भाषेतले आकडे, ‘बस’, ‘उठ’, ‘वही काढ’, ‘समजलं का’, ‘शाबास’ एवढं तोंडपाठ करा. मालदीवची धिवेही भाषा थाना लिपीत उजवीकडून डावीकडे लिहितात. ती वाचता आली नाही तरी मुलांची नावं त्या लिपीत लिहायला शिका. हजेरी घेताना नाव चुकलं तर मुलालाच विचारा आणि पुन्हा म्हणा. अमिरातीतल्या सीबीएसई शाळांत मुलं बहुतेक भारतीय उपखंडातली असतात. तिथे भाषेपेक्षा पालकांचं दडपण जास्त. गुणांचा हिशेब, ईमेलला उत्तर, वेळेत तपासलेल्या वह्या, याची सवय आधीच लावा.

इथे वापरलेल्या युक्त्या तिथे जशाच्या तशा चालतात. नवी संकल्पना आधी वस्तूने, मग चित्राने, मग शब्दाने. भाषा येणाऱ्या आणि न येणाऱ्या मुलाची जोडी. फळ्यावर मोठं अक्षर. आणि आपल्याच भागातून एक फार चांगलं शैक्षणिक साहित्य नेता येतं. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर निघते. जुन्या पद्धतीत पुठ्ठ्याच्या कार्डाला पाडलेली भोकं कोणता धागा वर उचलायचा ते ठरवतात. भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. संगणकातल्या शून्य-एकची कल्पना यापेक्षा सोप्या रीतीने शिकवता येत नाही. ओळखीच्या कारखानदाराची परवानगी घेऊन चालत्या मागाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, टाकून दिलेली चार-दोन कार्डं मागून घ्या, सोबत चादरीचा एक तुकडा. गणित, विज्ञान, भूगोल, तिन्ही तासांना पुरेल.

निघण्याआधी सराव करायचा असेल तर माढा तालुक्यातल्या परितेवाडीकडे पाहा. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. वेगवेगळ्या देशांतल्या मुलांची पडद्यावर गाठ घालून देणं हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. तुमच्या होणाऱ्या शाळेशी असे दोन-तीन ऑनलाइन तास आधीच मागून पाहा. मुलांचं इंग्रजी कसं, वर्ग किती मोठा, शिस्त कशी, हे मुलाखतीत कळत नाही ते त्या तासांत कळतं.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. मुलाला हात लावायचा नाही, रागाने तर नाहीच, लाडानेही जपून. आणि परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. अमिरातीत हा कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे उपक्रम झाला की लगेच फोटो ग्रुपवर जातो, ती सवय विमानतळावरच सोडा. रमजानमध्ये शाळेची वेळ कमी होते. त्या महिन्यात दिवसा चारचौघांत खाणं-पिणं टाळा.

पैसा आणि संध्याकाळ

नोकरीसाठी बाहेर गेलात की इथलं साधं बचत खातं चालू ठेवता येत नाही. बँकेत कळवून ते एनआरओ करून घ्यावं लागतं, आणि तिथली कमाई पाठवायला एनआरई खातं उघडावं. एनआरई खात्यावरच्या व्याजाला भारतात कर नाही. पीपीएफ आधीपासून असेल तर मुदत संपेपर्यंत चालू राहतं, बाहेर राहून नवं मात्र उघडता येत नाही. मालदीवला जाणाऱ्यांनी एक प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये : पगार कोणत्या चलनात? तिथे डॉलरचा तुटवडा असतो, पगार रुफियात मिळतो, आणि दर महिन्याला किती रक्कम देशाबाहेर पाठवता येईल यावर बँका मर्यादा घालतात. घराचा हप्ता तुमच्या पगारावर अवलंबून असेल तर ही मर्यादा पगाराच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची. आणि पहिल्या तीन महिन्यांचा खर्च, परतीच्या तिकिटासह, स्वतःजवळ असू द्या.

संध्याकाळ मोकळी ठेवू नका. महाराष्ट्र मंडळं जगभर आहेत. लंडनचं तर १९३२ पासून आहे. गणपतीला, दिवाळीला तिथे जा, मन हलकं होतं. पण सगळी सुटी मराठी घोळक्यात गेली तर तो देश तुम्हाला कळणारच नाही. सोलापूरकराकडे इथे एक वाढीव भांडवल आहे. निजामाबाद-करीमनगर भागातली हजारो माणसं आखातात कामाला आहेत. अक्कलकोट रोडवर कानावर पडून आलेलं तेलुगू तिथे बसमध्ये, किराणा दुकानात, शाळेच्या शिपायापाशी ओळख काढून देतं. शिक्षकाने फक्त शिक्षकांत बसावं असा कुठे नियम नाही.

परतताना

शेवटचा महिना पुन्हा कागदांचा. सेवा प्रमाणपत्र शाळेच्या लेटरहेडवर, विषय, इयत्ता आणि तारखांसह घ्या, आणि जमल्यास तिथेच साक्षांकित करून आणा. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, अनामत हाती आल्याशिवाय ‘सर्व येणे मिळाले’ या कागदावर सही करू नका. घराचं, फोनचं, विजेचं देणं शून्य करून त्याच्या पावत्या घ्या. आखातात थकलेलं देणं विमानतळावर आडवं येऊ शकतं.

पैसा हिशेबाने येतो आणि हिशेबाने संपतो. एक कमाई मात्र वेगळी आहे. दुकानावरची पाटी वाचता येत नाही, सगळे हसले तेव्हा आपल्याला विनोद कळला नाही, साधा प्रश्न विचारायचा धीर होत नाही, हे सगळं तुम्ही तिथे मोठेपणी अनुभवता. आपल्या शाळेत पहिलीला बसलेलं तेलुगू किंवा कन्नड घरातलं मूल हे सहाव्या वर्षी अनुभवत असतं, आणि आपण वहीवर शेरा मारतो, ‘प्रतिसाद देत नाही’. परत आल्यावर केंद्राच्या शिक्षण परिषदेत दुबईचे फोटो दाखवण्याऐवजी अर्धा तास या विषयावर बोला. जूनमध्ये पहिलीच्या वर्गातल्या मुलांची घरची भाषा लिहून घ्या, प्रत्येक भाषेतले वीस शब्द शिका, आणि त्या शेऱ्याची जागा पहिल्या सत्रात रिकामी ठेवा.